पितळी गँग

३ फेब्रुवारी, तोंडवली

पोचलो एकदाचे. मिरजेहून पहाटे निघालो, गगनबावड्याचा घाट उतरलो, तळेऱ्याच्या तिठ्यावर चहा-भजी झाली आणि जेवायच्या वेळेला तोंडवलीत. रसिकाला सीटबेल्टचा तिटकारा आहे, आणि आमच्या नव्या गाडीत सीटवर वजन आलं की पट्टा लावेपर्यंत पिकपिक थांबत नाही. गाडीलासुद्धा माझं वजन खुपतं, असं ती म्हणाली. गाडी खोटं बोलत नाही, असं मी म्हणालो. त्यावर घाट संपेपर्यंत अबोला. तह झाला तो भज्यांवर.

काम असं आहे. इथले रविराज जहाजावर नोकरी करतात. समुद्राकाठच्या घरातल्या दोन खोल्या त्यांनी पर्यटकांसाठी काढल्यात. त्यांचे वडील हरिश्चंद्र यांना रेडिओचा भारी नाद होता. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचे संच आणि सुटे भाग मागच्या खोलीत पडून आहेत. जे चालू होतील ते चालू करून जेवणघरात मांडायचे. माझं मिरजेतलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान वडिलांपासूनचं. मध्यंतरी लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. जुन्या रेडिओंची फॅशन आली आणि तेच लोक मला 'विनीतराव' म्हणायला लागले. रसिका खानावळ चालवते. लग्नापासून तिला धड सुट्टी म्हणून मिळालेली नाही, तेव्हा या खेपेला कुलूप लावायला लावून बरोबर आणली.

घरात रविराजांच्या आई, हिराकाकू, एकट्याच असतात. सत्तरी ओलांडलेल्या, पण काटक. आम्ही गाडीतून उतरतोय तोच त्यांनी विचारलं, "बांगडो खातास मा?" रसिकाने चपला काढल्या त्या थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. दोघींचं पहिल्याच जेवणात जमलं. पडवीत साखळ्यांचा झोपाळा आहे, समोर सुरूची झाडं, पलीकडे समुद्र. रसिका झोपाळ्यावर बसली की कड्या करकरतात. मी काही बोललो नाही. घाट अजून लक्षात होता.

४ फेब्रुवारी

हरिश्चंद्रांची खोली अंगणाच्या टोकाला, चिऱ्याची, वर मंगलोरी कौलं, खिडकी समुद्राकडे. पूर्वी होड्यांशी बोलायला गावात त्यांचाच संच होता म्हणे. तो हिरव्या पत्र्याच्या पेटीतला घरगुती संच अजून टेबलावर आहे, फक्त मधला मोठा भाग काढून घेतलेला. कोण काढून घेईल, असं वाटलं. मग माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत गँगच गँग सापडले आणि माझी दिवाळी झाली.

गँग म्हणजे रेडिओचं स्टेशन बदलायचा भाग. अर्धगोल पाती असतात, निम्मी जागेवर पक्की, निम्मी मधल्या दांड्यावर बसवलेली. दांडा फिरवला की फिरती पाती पक्क्या पात्यांच्या फटींत शिरतात, पण शिवत नाहीत. शिवली की खेळ संपला. पाती जितकी आत, तितका मीटरवरचा आकडा मोठा. एखादा गँग कुठल्या संचाचा ते कळत नसेल तर सगळं बंद करून आकडा घ्यायचा, सगळं उघडून घ्यायचा, पाती मोजायची, दोन्ही कप्पे सारखे आहेत की एक धाकटा आहे ते बघायचं. मग गँग आपण होऊन आपलं गाव सांगतो. आजच्या दिवसात बरेचसे ओळखले. रसिकाने चिकटपट्टीवर नावं लिहून दिली. तिच्या अक्षरात माझे गँग एकदम घरंदाज दिसायला लागले.

एकच राहिला. पितळेचा, हाताने कापलेला, वजनदार. पात्यांच्या फटींत राखाडी काहीतरी ठासून बसलंय, मेणात राख कालवल्यासारखं. दांडा फिरतच नाही. आणि तो दांडाही विचित्र बसवलाय. नेहमीच्या गँगचा दांडा पेटीला जोडलेला असतो, म्हणजे फिरवणाऱ्याच्या हाताचा परिणाम आत पोचत नाही. इथे तो मुद्दाम वेगळा ठेवून उघडा बाहेर काढलाय. हात लावणारा माणूसच सर्किटमध्ये येणार. नवशिक्याची चूक.

६ फेब्रुवारी

काल तारकर्लीला गेलो, आज पितळी गँग धुतला. दोन पात्यांमधली घाण बघून ज्याचा हात शिवशिवत नाही तो रेडिओवाला कसला? पेट्रोल, ब्रश, पोस्टकार्डाच्या पट्ट्या. सकाळ त्यातच गेली. राखाडी लगदा निघाला त्याला जळलेल्या गवताचा वास होता. तो माडाच्या मुळाशी ओतला. पाती अशी झळकली की हिराकाकूंच्या समया लाजतील.

मोजताना दोन्ही हातांत चिमटे होते, म्हणून दांडा रसिकाला फिरवायला दिला. मी स्वतः उघड्या दांड्याला बोट लावत नाही. वडिलांची शिस्त आहे, प्लास्टिकची काडी वापरायची आणि दुसरा हात खिशात. मग तिला गंमत दाखवली. माणूस म्हणजे मीठ आणि पाणी, तो नुसता जवळ आला तरी असा उघडा गँग ओळखतो. तिने तळवा वीतभर वर धरला आणि आकडा सहाने वाढला. मी धरला, तरी सहा. कोण भारी यावर वाद झाला. मीटरच्या मते बरोबरी होती, त्यामुळे रसिका खूश.

७ फेब्रुवारी

पितळी गँगचं गाव सापडलं. हिरव्या संचातली रिकामी जागा त्याचीच, भोकं भोकाला जुळली. जोडला. संच लागला, पण नुसती खरखर. दांड्याची मूठ हरवलीय, म्हणून प्लास्टिकच्या काडीने फिरवून पाहिलं, काही नाही. दुपारी मी आडवा झालो आणि रसिका तिथे बसली. तिने बोटांनी फिरवला म्हणे, आणि कोणीतरी मालवणीत बोलताना ऐकू आलं. मी जाऊन ऐकलं. खरखर. कानात माशाचा काटा गेला असेल, असं म्हणालो. ती संध्याकाळच्या चहापर्यंत तिथेच दांडा धरून बसली होती. म्हणाली, हात काढला की आवाज जातो.

९ फेब्रुवारी

रसिका दोन दिवस संचासमोरच्या खुर्चीत आहे. मधूनमधून समुद्रावर जाते आणि सांगते की इथल्या हवेने अंग कसं हलकं झालंय. मी हसून सोडून दिलं. आज सकाळी रापण ओढत होते, म्हणजे किनाऱ्यावरून जाळ्याचे दोर ओढून मासे काढतात ते. सगळा गाव दोराला लागतो, रसिकाही लागली. तिच्या पुढच्या बाईने दोनदा मागे वळून पाहिलं. मी लांबून बघत होतो. पुढच्यांच्या हातात दोर ताठ, रसिकाच्या हातात सैल. ती जीव लावून ओढत होती, कपाळावर घाम होता. परत येताना ओल्या वाळूत माझी पावलं नीट उमटली. तिची जेमतेम.

दुपारी संचातून गँग सोडवला. म्हटलं, आवाज का येत नाही ते पाहू. मीटर लावला. कोणी जवळ नाही, मी खोलीच्या दारात उभा, आणि आकडा असायला हवा त्याहून दोनने जास्त. ओल असेल म्हणून उन्हात ठेवला. उन्हात बरोबर आला. परत टेबलावर, परत दोन जास्त. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला तर दोन गेले. खुर्चीजवळ आणला की दोन आले. रिकाम्या खुर्चीजवळ. माणूस बसला असता तर त्याची छाती जिथे आली असती, तिथे सगळ्यात जास्त.

रसिकाला हाक मारली आणि त्या दिवशीचा तळव्याचा खेळ परत खेळू असं सांगितलं. माझा तळवा, सहा. तिचा तळवा, चार.

मीटरचा सेल बदलला. चार.

१० फेब्रुवारी

मी घाबरट माणूस नाही. विजेचं काम करणारा घाबरट असून चालत नाही, तो सावध असतो. पण आज सावधपणाचा उपयोग दिसेना. दिवसभर मोजत होतो. खुर्ची आणि रसिका यांची बेरीज सहाच येते. सकाळी चार आणि दोन. दुपारी, ती डोळा चुकवून पुन्हा संचाशी बसल्यावर, तीन आणि तीन.

गँग मी बाजूला ठेवला होता, तिने स्वतः परत जोडून घेतला होता. माझ्याबरोबर इतकी वर्षं राहून तिला तेवढं येतं. रागावलो. ती म्हणाली, तो माणूस फार केविलवाणं बोलतो, मी हात काढला की रडतो. मी विचारलं, काय म्हणतो. तिने सांगितलं. तो म्हणतो, "दादा, माजा आंग खंय गेला?"

गँग संचातून सोडवून माझ्या हत्यारांच्या पेटीत घातला, कुलूप लावलं.

११ फेब्रुवारी

झोपाळा. रसिका त्यावर बसून मटार सोलत होती, झोका घेत होती, आणि कड्यांचा आवाज नव्हता. ती उठून आत गेली. तेव्हा कड्या करकरायला लागल्या. झोपाळा रिकामा होता, आणि फळी मधोमध किंचित खाली गेली होती. भर सकाळचं ऊन पडलं होतं.

हिराकाकूंनीही ते पाहिलं. त्यांच्या हातातली सुपली खाली पडली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गँगबद्दल. पितळी होता का, त्यात राख होती का. मी म्हणालो, होती, मी धुऊन काढली. "ता कित्याक धुतलात?" त्या एवढंच म्हणाल्या आणि उन्हातच खाली बसल्या.

मग सगळं सांगितलं. शिवा हा त्यांचा धाकटा दीर, त्यांनीच लहानाचा मोठा केलेला. तीसेक वर्षांपूर्वी वादळात होडी परत आली, शिवा आला नाही. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळतात, म्हणजे तो बिनअंगाचा फिरत राहत नाही. पण सासूबाईंनी ते करू दिलं नाही, माझा मुलगा येणार म्हणाल्या. आणि इकडे हरिश्चंद्रांना संचावर शिवाचा आवाज ऐकू आला. भावाशी नीट बोलता यावं म्हणून त्यांनी तो पितळी गँग कापला, हात लावणारा आत यावा असाच. चूक नव्हती ती. नवरा बाहेर गेला की हिराकाकू दांडा धरून बसायच्या. त्या हलक्या होत गेल्या. शेवटी गावातल्या विठोबा घाडींनी, म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्यांनी, पुतळा जाळला आणि ती राख मेणात कालवून पात्यांमध्ये ठासली. हरिश्चंद्रांनी गँग फेकून दिला असं सांगितलं होतं. "खाडयेत टाकलंय म्हणान सांगल्यान माका. खोटा सांगल्यान." भावाला खाडीत टाकायला त्यांचा हात धजला नसणार.

मी माडाच्या मुळाशी जाऊन माती उकरली. काही शिल्लक नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी बायकोचा हात दाखवून केलं.

१२ फेब्रुवारी

सकाळी रसिकाला गाडीत घातली आणि निघालो. गँग खोलीतच ठेवला. डोक्यात एकच, मिरज, आणि तिथला डॉक्टर.

तिला मागे डोकं टेकता यावं म्हणून पट्टा लावला नव्हता. गाडी पिकपिकली नाही. कणकवलीपर्यंत मला ते लक्षातच आलं नाही. गाडीच्या लेखी शेजारची सीट रिकामी होती.

पुढे तिचा आवाज बारीक होत गेला. तळेऱ्याच्या तिठ्यावर थांबून मी चहा आणला, तो तिला धरता येईना. कप बोटांतून सुटला. ती काहीतरी म्हणत होती. ओठ हलत होते, मी कान तोंडाशी नेला तरी ऐकू येत नव्हतं. जितकं लांब न्यावं तितकी ती कमी होत होती, कारण तिची निम्मी तिकडे राहिली होती.

गाडी वळवली. मालवणच्या रस्त्याला लागल्यावर तिची पहिली गोष्ट ऐकू आली ती ही, की चहा सांडला म्हणून रागावू नका. मी गाडी बाजूला घेऊन रडलो.

परत आलो तेव्हा हिराकाकू दारात होत्या. त्यांनी पेज आणली.

१३ फेब्रुवारी

रसिका एक. खुर्ची पाच. कालच्या प्रवासात गेलेलं पुरतं परत आलंच नाही.

हिराकाकूंना घेऊन विठोबा घाडींकडे गेलो. ऐंशीच्या पुढचे, नजर अधू, बोलणं स्वच्छ. पुन्हा पुतळा जाळा, पाया पडतो, म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्या वेळी शिवाकडे स्वतःचं काही नव्हतं, फक्त हाक होती. आता त्याच्याकडे आहे ते रसिकाचं आहे. "आता जाळलंस तर कोण जळतला? तो, का तुजी बायल?" गँग फोडला तरी तेच.

मग एक वाट सांगितली, नाखुशीनेच. "त्याका एकच आंग होया. दुसरा गावला की पयला सोडतलो." दुसऱ्या कोणीतरी दांडा धरायचा. रसिकाचं सगळं परत येईपर्यंत, आणि नंतरही, नव्या पुतळ्याची राख येईपर्यंत. हात दांड्यावर असला की त्या आगीत धरणाऱ्याचं थोडंच जातं. मध्ये सोडला तर तो ओळखीच्या हाताकडे परत जाईल. हिराकाकूंसाठी हरिश्चंद्रांनी हेच केलं होतं. राख वेळेवर आली म्हणून ते उरले, पण किती? त्यावर हिराकाकूंनी सांगितलं, "सुपासारखो हलको जाल्लो." पुढची वर्षं हरिश्चंद्रांनी वारा सुटला की घरात काढली.

उद्या सकाळी विठोबा आणि हिराकाकू सुरूच्या पलीकडे पुतळा जाळायला जाणार. घरचं माणूस लागतं, रविराज समुद्रावर, म्हणून हिराकाकूच. मी दांडा धरणार.

मला भीती वाटते. कुणाला सांगू? रसिकाला सांगितलं तर ती धरू देणार नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळ

ते दोघं गेले. रसिकाला माजघरात झोपवली, काहीही ऐकू आलं तरी मागच्या खोलीत यायचं नाही अशी शपथ घातली. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी मागच्या खोलीत येऊन कडी आतून लावली.

गँग पेटीतून काढून जोडला, संच लावला. दांड्याला बोट लावायला हात पुढे होईना, इतक्या वर्षांची सवय. मग लावला.

गार आहे. पितळ उन्हाच्या बाजूला असून गार.

डाव्या हाताने लिहितोय. आवाज आता मलाही येतो. पोरगेला आहे. दादा, दादा, करतो. मी दादा नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, आसू दे.

नंतर

उजवा हात खांद्यापर्यंत बधिर. माजघरातून भांड्याचा आवाज. ती उठली. फळी वाजली तिच्या पायाखाली. तिच्या पायाखाली फळी वाजली.

खिडकीतून तिला झोपाळ्याशी जाताना पाहिलं. बसली. कड्या करकरल्या. देवा, किती बरं वाटलं.

मीटर दुसऱ्या एका उघड्या गँगला लावून ठेवलाय, त्यावर डावा तळवा धरला. तीन.

नंतर

सुरूच्या मागे धूर दिसतोय. अजून पेटतंय म्हणजे राख व्हायची आहे.

दोन.

सोडावासा वाटतो. फार वाटतं. मला नको आहे हे, मी काही मोठा माणूस नाही, मला घरी जायचंय. पण सोडला तर — ती झोपाळ्यावर आहे. पाय हलवतेय.

नंतर

एक. पेन जड झालंय. दाबतो तरी पुसट —

धूर विरळ. आता निघाले असतील. विठोबांना वाळूतून चालायला वेळ —

नंतर

माझा हात दांड्यावर नाही. मी काढला नाही. तो दाराकडे चाललाय, मनगटावर माझं घड्याळ आहे, वर माझा चौकड्याचा शर्ट आहे. त्याने कडी काढली. वळून पाहिलं नाही. पाय टाकताना चाचपडतो, पुष्कळ दिवसांनी जमीन मिळाल्यासारखा.

मी खुर्चीतच आहे.

रसिकाने पाहिलं त्याला. अहो, म्हणाली. तो थांबला नाही, किनाऱ्याकडे गेला. ती मागे धावली, परत आली. तिला कळलं. चेहऱ्यावरून कळलं की तिला कळलं.

विठोबा, लवकर —

दार उघडंच आहे. ती आत आली. मी म्हणतोय, हात लावू नकोस. रसिका, शपथ आहे. संचातून तसं येत नाही. संचातून येतं, रसिका, माझं अंग कुठे गेलं. मी हे म्हटलं नाही. मी हे नाही म्हटलं —

ती ओळखते आवाज. रडते. इथेच आहे मी, असं सांगते मला. मलाच धीर देते. खुर्चीशी गुडघ्यावर बसलीय, माझ्यातून हात घालून —

नको

तिची बोटं. ऊब. किती ऊब असते माणसाला.

पेन उमटतंय. बघ, ठळक उमटतंय आता, अक्षर सुधारलं. रसिका, हात काढ. काढ हात. मी सांगतोय तुला, काढ, हिराकाकू येतीलच, ते कुंपणाशी दिसतायत, त्यांच्या हातात राखेचं मडकं आहे, तोवर फक्त हात काढ, आत्ता लगेच, नाहीतर अगदी थोडा वेळ ठेव, थोडाच, मग